रात्रपाळीच्या वहीतलं पान

“नाव?” असं विचारून बोग्योंगने पेन वहीवर टेकवलं, आणि समोरची म्हातारी एकदम गप्प झाली.

आधीच्या तिघींनी भराभर सांगून टाकलं होतं. नाव, वय, घर नंबर. एकीने तर गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं तेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. ही चौथी मात्र कापूस भरलेल्या फुलाफुलांच्या बंडीत हात खुपसून वहीकडे बघत राहिली. आणि महिनाभर सगळ्यात जास्त तोंड हिनंच चालवलेलं! तालुका कचेरीच्या तळमजल्यावर, सरकत्या काचेच्या दारापासून दहा पावलांवर चटया आणि विजेची गादी अंथरून या चौघी ठाण मांडून बसल्या होत्या. गावामागचा डोंगर खडीवाल्या कंपनीला फोडू देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं. कंपनीच्या ट्रकांना डोंगरापर्यंत जायला एकच वाट होती आणि ती या चौथीच्या तिळाच्या शेतातून जात होती. दोन वर्षं कंपनीचा माणूस पेट्याच्या पेट्या फळं घेऊन तिच्या दारात यायचा, आणि ती त्याला फळांसकट हाकलायची.

“मावशी, नाव सांगा ना.”

“तुला ठाऊक नाही होय माझं नाव?”

बोग्योंगला खरंच ठाऊक नव्हतं. माहेर हादोंगचं, म्हणून सगळं गाव तिला हादोंगवाली म्हणायचं. महिनाभर रोज सकाळी बोग्योंगने तिला गरम पाण्याची किटली भरून दिली होती, तीही हादोंगवाली मावशी म्हणूनच.

“ब्योन जोम-रे,” म्हातारी शेवटी म्हणाली. “एकोणऐंशी. लिहिलंस?”

“लिहिलं.”

नावं लिहून घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं, खरं म्हणजे. पण बाहेरची माणसं इमारतीतून हलवली की त्यांची नोंद करायची, हे एकवीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हाताला इतकं मुरलं होतं, की डोकं भणभणत असलं तरी हात आपलं काम करत होता. आणि डोकं भणभणायलाच लागलं होतं. साडेदहाच्या सुमाराला टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष आले आणि देशात लष्करी कायदा लागू केल्याचं सांगून गेले. ती आणि तिच्या जोडीला ड्यूटीवर असलेला सांग-गिल, दोघांना आधी वाटलं कुणीतरी खोटा व्हिडिओ करून सोडलाय. मग अकराला फर्मान आलं. सभा बंद, मोर्चे बंद, धरणं बंद, मोडेल त्याला वॉरंटशिवाय अटक. सव्वाअकराला विभागप्रमुख प्यो साहेबांचा फोन.

“दार बंद करा, मॅडम. सगळ्या कचेऱ्या बंद करायच्यात. आणि त्या म्हाताऱ्यांना काढा आधी. उद्या कुणी विचारलं, की फर्मान असताना तुमच्याकडे धरणं चालूच कसं होतं, तर मी काय सांगू?”

“साहेब, बाहेर उणे चार आहे. शेवटची बसही गेली.”

“मग मी काय करू? बस हाकू?” आणि फोन आपटला.

सांग-गिलला तोवर बायकोचा फोन आला होता. तो ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून जो गेला, तो पाऊण तासाने नूडल्सचे दोन खोके आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उगवला. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. म्हाताऱ्यांना काढायचं काम तेवढ्यात बोग्योंगने एकटीनेच उरकलं.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज भांडायच्या तशा. पण लष्कर म्हटल्याबरोबर चौघींनी काही न विचारता चटया गुंडाळल्या, गादीची वायर नीट गोल करून बांधली, कागदी कप उचलले, आणि एकीने तर ओल्या फडक्याने जमीनही पुसली. “तुझ्या नोकरीला बट्टा नको गं लागायला,” असं उलट तिलाच म्हणाल्या. दारातून जाताना हादोंगवालीने मागे वळून पाहिलं, पण ते बोग्योंगकडे नव्हे. टेबलावरच्या उघड्या वहीकडे.

अकरा पन्नासला बोग्योंगने दाराची कळ फिरवली आणि वहीत वेळ लिहिली.

मग रात्रभर तिला एका जागी बसवेना. टीव्हीवर हेलिकॉप्टर, सैनिक, संसदेच्या भिंतीवर चढणारे खासदार. एक वाजता संसदेने ठराव करून फर्मान धुडकावलं, तेव्हा सांग-गिलने टाळी वाजवली आणि नूडल्सचा पहिला कप फोडला. बोग्योंग मात्र कोट अंगात घालून बाहेर धावली. बसथांब्यावर कुणी नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीलाही नव्हतं. “मावशी!” अशी दोनदा हाक मारली, तर एक कुत्रा तेवढा भुंकला. परत येऊन तिने दाराची कळ उलट फिरवली. उघड्या दारातून थंडी आत येत राहिली. साडेचारला मंत्रिमंडळानेही लष्करी कायदा उठवला. सहा तासांत सगळा खेळ खलास. “बघितलंत? उगाच घाबरलो,” असं म्हणून सांग-गिल खुर्चीतच झोपला.

सातला तिघीजणी हसत-खिदळत आत आल्या. रात्रभर त्या नाण्यावर चालणाऱ्या धुलाईच्या दुकानात बसल्या होत्या. तिथे कुणी मालक नसतो, चोवीस तास उघडं, आणि सुकवायच्या यंत्रांशी पाठ लावली की काय ऊब! एकीने तर बंडीही धुऊन घेतली होती.

“आणि हादोंगवाली मावशी?”

तिघींचं हसू जरा ओसरलं.

“ती गेली घरी. चालत.”

“नऊ किलोमीटर? घाटातून?”

“ऐकते का ती कुणाचं! कागदपत्रं बघायचीत म्हणाली. आम्ही पुलापर्यंत गेलो तिच्याबरोबर.”

पावणेनऊला वरच्या मजल्यावर, बोग्योंगच्या विभागात, प्यो साहेब आले. दाढी गुळगुळीत, हातात कॉफीचे दोन कप. त्यातला एक त्यांनी बोग्योंगच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या हाताखालच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“रात्र वाईट गेली ना? तालुकाप्रमुखांशी बोललो आत्ताच. खूश आहेत.”

“कशावर, साहेब?”

“आपली कचेरी उघडी राहिली त्यावर. शेजारच्या तालुक्याने कुलूप लावलं म्हणे, आता त्यांना पेपरवाले सोलून काढताहेत. आपल्याकडे दहाला स्थानिक वार्ताहर येणार आहे. दारात उभं राहून तुमचा एक फोटो. म्हाताऱ्यांबरोबर.”

बोग्योंगला आधी वाटलं, झोप नसल्यामुळे आपण काहीतरी भलतंच ऐकतोय.

“साहेब, दार मी बंद केलं होतं. तुमच्याच फोननंतर.”

“मी काय म्हणालो होतो?”

“दार बंद करा म्हणालात.”

“छे! ‘बघून घ्या’ म्हणालो. परिस्थिती बघून घ्या.” प्यो साहेबांनी कॉफीचा घोट घेतला. ते लाल झाले नाहीत, अडखळले नाहीत. बोग्योंगला वाटलं, हे त्यांना आता खरंच तसं आठवतंय. “हे बघा मॅडम, तुम्हालाच वाचवतोय मी. बेकायदा फर्मान अमलात आणलं अशी नोंद तुमच्या अक्षरात आहे. उद्या चौकशी लागली तर पहिली मान कुणाची? ते पान काढा. नवीन लिहा. दार रात्रभर उघडं, वृद्ध महिलांना आत आसरा दिला. बास. सांग-गिलशी बोललोय मी, तो सही करायला तयार आहे.”

“आणि त्या मावश्या?”

“त्यांना विचारलं की खाली. त्या तर म्हणाल्या, हो हो, आम्ही इथेच होतो, छान झोप लागली. तुमच्यासाठी जीव टाकतात हो त्या!”

हे मात्र खरंच झोंबलं. बोग्योंगने दहा मिनिटं मागितली आणि वही काखेत मारून जिन्याने खाली आली. उतरताना ती स्वतःलाच समजावत होती. पान फाडलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? तिघी उबेत बसल्या, मजेत आल्या. आपली नोकरी राहील. पोराची फी भरता येईल. उलट चार म्हाताऱ्यांची नावं सरकारी वहीतून निघतील, म्हणजे चांगलंच की. शेवटच्या पायरीपर्यंत तिचा निर्णय जवळपास झाला होता.

आणि तेवढ्यात तिला दाखल्यांच्या खिडक्यांसमोरच्या बाकावर हादोंगवाली दिसली.

फुलाफुलांची बंडी नव्हती. लग्नाकार्याचा काळा कोट, केस पाण्याने चापून बसवलेले, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. हातात नंबराची चिठ्ठी. एकशे चार. बोग्योंग जवळ आली तशी ती पर्सवर आणखी वाकली.

“मावशी! किती शोधलं मी रात्री. चटया घातल्यात तिकडे, या ना.”

“नको. काम आहे माझं.”

“कसलं?”

“शिक्क्याचा दाखला काढायचाय.”

सहीऐवजी चालणाऱ्या, सरकारदरबारी नोंदवलेल्या शिक्क्याचा दाखला माणूस उगाच काढत नाही. जमिनीच्या कागदाला लागतो तो.

“कंपनीला संमती देताय?”

म्हातारीने मान हलवली. हो की नाही ते कळू नये इतकी, पण हलवली.

“अहो, दोन वर्षं! आणि आता? लष्करी कायदा उठला, मावशी. पहाटेच उठला. टीव्ही नाही बघितला?”

“बघितला की.” ती हळू आवाजात बोलत होती, शेजारच्या बाकावरच्याला ऐकू जाऊ नये अशी. “मागच्या वेळीही लागला नि उठलाच होता. ऐंशी साली माझ्या माणसाला नेला, कशासाठी ठाऊक आहे? पाटाच्या पाण्यावरून गावच्या पुढाऱ्याशी भांडला म्हणून. पुढाऱ्याने यादीत नाव दिलं. लष्कराने नेऊन सुधार छावणीत टाकला. सुधारायला! एक शिवी दिली होती रे देवा त्याने, एक. परत आला तो थंडीत. त्यानंतर बत्तीस वर्षं जगला, पण दारावर थाप पडली की न्हाणीघरात जाऊन बसायचा. कायदा उठतो, बाई. यादी उठत नाही.”

“पण आता कुठली यादी आहे?”

म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. मग तिच्या काखेतल्या वहीकडे.

“तू नाही का केलीस?”

ती तिथेच बाकावर टेकली. काल नाव विचारताना म्हातारी का गप्प झाली, ते आता तिला कळलं. चार नावं, चार वयं, चार घर नंबर. एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात. गरम पाणी द्यायची तेवढ्याच प्रेमाने तिने ती लिहून घेतली होती. कुणी मागितली नसताना! लाज वाटून तिचे कान तापले.

“मी मूर्ख आहे, मावशी. माझी चूक झाली.”

“तुला काय बोल लावायचा. तुझं कामच ते.” हादोंगवालीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. “माझा मुलगा शहरात नोकरीला. नातू आता सैन्यात जाईल. डोंगर घेऊन जाऊ दे मेल्यांना. माझं नाव तेवढं कुठे नको.”

“नाही राहणार,” बोग्योंग घाईघाईने म्हणाली. “हे पान काढूनच टाकायचंय. साहेबच म्हणताहेत. नवीन पान येईल, त्यात तुमचं नावही नाही. काल दार उघडंच होतं, तुम्ही चौघी रात्रभर आत झोपलात, असं येईल. मग तुम्हाला भ्यायचं कारण नाही. दाखला नका काढू. घरी जा, मावशी.”

तिला वाटलं, म्हातारीचा जीव भांड्यात पडेल. पण म्हातारीची मान जराशी तिरकी झाली, बाजारात तराजूचा काटा बघताना होते तशी.

“मी आत झोपले होते?”

“म्हणजे, तसं लिहिणार.”

“मग घाटातून कोण चालत गेलं?”

बोग्योंग वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“दोनदा पडले मी. पुलाच्या पुढे एकदा आणि मसणवट्याजवळ एकदा. ती कोण होती मग? भूत होतं?” आवाज आता खाली राहिला नव्हता. शेजारच्या बाकावरचा गृहस्थ वळून बघू लागला. “मघाशी त्या तिघी काय म्हणाल्या साहेबाला? आत होतो?”

“माझ्यासाठी म्हणाल्या त्या.”

“म्हणू दे. त्या तिघींचे नवरे नाही नेले कुणी.” ती दमली, श्वास घेऊन पुन्हा सुरू झाली. “वीस वर्षांमागे छावणीत नेलेल्यांना भरपाई देणार म्हणाले, तेव्हा याच कचेरीत आले होते मी नवऱ्याला घेऊन. खिडकीतल्या पोराने सगळे गठ्ठे उपसले. गोड बोलला हो, तुझ्यासारखाच. म्हणाला, आजोबांना नेल्याची नोंद कुठेच नाही. कामधंद्याला गेले असतील स्वतःहून. स्वतःहून! माझा माणूस तिथेच, त्या खिडकीशी उभा होता. त्याची मोडलेली बोटं त्या पोराच्या टेबलावर होती. आणि हा म्हणाला, बरोबर आहे, मी गेलो असेन कामाला. चल घरी.”

खिडक्यांवर एकशे दोनचा आकडा लागला.

“आण ती वही,” हादोंगवाली म्हणाली.

सत्तरी उलटल्यावर ती गावच्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती. पान उघडून तिने बोट ठेवलं आणि एकेक अक्षर ढकलत पुढे सरकली. वेळ. फर्मानाचा क्रमांक. वरिष्ठांच्या सूचनेनुसार चार महिलांना इमारतीबाहेर हलवण्यात आले. मग चार नावं. आपल्या नावाशी ती थांबली, ते तिने दोनदा वाचलं.

“बरोबर लिहिलंयस.”

“हो.”

“पण बाहेर काढलं कुणी?”

“अं?”

“काढलेल्या चौघींची नावं आहेत. काढणारं कुणी नाहीच यात. वाऱ्याने उडालो आम्ही?” बोट पानावरून वरखाली फिरलं. “वरिष्ठ म्हणजे कोण? त्याला नाव नाही? तुला नाव नाही? गठ्ठ्यात ठेवायचं तर पुरं ठेव, नाहीतर फाड. फाडलंस तर मी जाते खिडकीशी, शिक्का देते, मोकळी होते. मला काय, नाव नसलेलीच बाई मी.”

ती रागावली नव्हती. बोग्योंगकडे बघून वाट पाहत होती, एवढंच.

बोग्योंगने पेन काढलं. एकवीस वर्षांत असल्या पानांवर तिने हजारदा ‘हलवण्यात आले’ लिहिलं होतं आणि तिचा हात कधी थांबला नव्हता. आत्ता मात्र थांबला. डोळ्यांपुढे पोराची फी आली, चौकशीची नोटीस आली, नवऱ्याचा चेहरा आला. मग तिने नावांच्या खाली लिहिलं: सव्वाअकरा वाजता विभागप्रमुख प्यो चांग-सिक यांनी फोनवरून दार बंद करण्यास व या महिलांना काढण्यास सांगितले. मी, यॉम बोग्योंग, सातवी श्रेणी, या महिलांना अकरा पन्नासला बाहेर काढले. शेवटची बस गेली होती हे मला माहीत होते.

शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. तेही तिने लिहिलं आणि खाली सही केली.

“मॅडम?” प्यो साहेब मागे येऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी तिच्या खांद्यावरून पान वाचलं. आरडाओरडा केला नाही. आवाज उलट अगदी मऊ झाला. “कळतंय का तुम्हाला? अख्ख्या तालुक्यात आज विचाराल तो प्रत्येक जण काल दार उघडं ठेवून बसला होता. सगळेच. उद्या दार लावणाऱ्यांत एकटं तुमचंच नाव राहील.”

“तुमचंही आहे, साहेब,” बोग्योंग म्हणाली.

हादोंगवालीने वही स्वतःकडे ओढली. नव्या ओळींवर बोट ठेवून ती वाचू लागली, सावकाश, एकेक अक्षर तोंडात घोळवत. प्यो साहेब उभे राहिले. वही तिच्या हातातून ओढून घ्यायला त्यांचा हात निम्मा पुढे आला आणि तसाच राहिला, कारण आता बाकांवरची पाच-सहा माणसं इकडेच बघत होती.

“एकशे चार,” खिडकीतल्या मुलीने पुकारलं.

कुणी उठलं नाही.

“एकशे चार कोण आहे?”

“मी गं,” म्हातारी वहीतून मान वर न करता म्हणाली. “पण पुढच्याला घे तू. मी वाचतेय.”